कमरेतून भूल दिलेली असताना हर्नियाच्या जखमेत पुन्हा बधिरतेचे इंजेक्शन कशाला?

तुमच्या वडिलांचे वजन ६० किलो, जांघेतला हर्निया, जाळी बसवायचे उघडे ऑपरेशन, भूल कमरेतून. तरीही सर्जन जखमेत वेगळे औषध सोडणार म्हणतात, ते का आणि त्यात धोका किती, असे तुम्ही विचारले आहे.

कमरेतली भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते आणि पहिल्या दिवशीचे खरे दुखणे तिथूनच सुरू होते. जखमेत सोडलेले बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध चार ते आठ तास टिकते, म्हणून ही मधली वेळ निभावते. लिग्नोकेन हे दुसरे बधिर करणारे औषध लवकर चढते पण लवकर उतरतेही, त्यामुळे नंतरच्या दुखण्यासाठी त्याचा एकट्याचा उपयोग थोडाच. हे इंजेक्शन अवश्य घ्यावे, असे माझे मत आहे. पहिल्यांदा उठताना, खोकताना फरक कळतो.

मात्र औषध कुठे पडते यावर सगळे अवलंबून असते. नुसते कातडीखाली टोचले तर वरची चुरचुर थांबते, आतले ठणकणे तसेच राहते. जांघेला संवेदना देणाऱ्या दोन मुख्य नसा (मज्जातंतू) कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून येतात. तिथे, बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याखाली, आणि जाळीचा आतला टाका जिथे बसतो त्या जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) उंचवट्याभोवती, असे थराथरांत औषध जावे लागते. बहुतेकदा राहून जाते ती ही जघनास्थीजवळची जागा.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. बुपिव्हाकेन किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत धरले तर ६० किलोला १२० मिलिग्रॅम. ०.५ टक्क्याच्या द्रावणात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असते, म्हणजे २४ मिलि. तेच ०.२५ टक्के केले तर ४८ मिलि मिळते. औषध तेवढेच, पण सगळ्या थरांना पुरते, म्हणून मला पातळ द्रावण जास्त पटते. लिग्नोकेनही मिसळले तर दोन्ही औषधांचे विषारी परिणाम एकत्र धरावे लागतात. प्रत्येकाची कमाल मात्रा वेगवेगळी मोजणे ही घातक चूक आहे.

धोका असतो तो औषध रक्तवाहिनीत गेल्याने किंवा प्रमाणाबाहेर दिल्याने. म्हणून सुई टोचल्यावर आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते बघतात आणि औषध थोडे थोडे सोडतात. वडील जागे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा: जीभ किंवा ओठ बधिर वाटले, तोंडात धातूसारखी चव आली, कानात गुणगुणले, तर लगेच बोलायचे. पुढची पायरी झटके आणि हृदयाची लय बिघडणे ही असते. त्यावर २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण शिरेतून देतात, सुरुवातीला किलोमागे १.५ मिलि. ते थिएटरमध्ये हाताशी आहे का, हे भूलतज्ज्ञांना विचारायला संकोचू नका.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही. औषध कधी कधी खाली झिरपून मांडीच्या मोठ्या नसेपर्यंत जाते. कमरेची भूल उतरून दुसरा पाय नीट हलत असतो, पण ऑपरेशनच्या बाजूचा गुडघा उभे राहताना दुमडतो. औषध उतरले की तो सुधारतो. तोवर आधाराशिवाय चालू देऊ नका. दुसऱ्या दिवशीही ताकद आली नाही तर सर्जनना कळवा.

सगळ्यात जास्त चुकते ते गोळ्यांचे वेळापत्रक. दुखत नाही म्हणून गोळी घेतली जात नाही, मग रात्री औषध उतरते आणि कळ एकदम येते. गोळीला चढायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून जागा बधिर असतानाच सुरू करा. प्रौढांना पॅरासिटामॉल सहसा १ ग्रॅम दर सहा तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. थिएटरमध्ये सलाइनमधून दिलेले पॅरासिटामॉलही यात मोजा. लिव्हरचा त्रास असेल तर मात्रा कमी लागते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांची जोड चांगली लागू पडते, पण किडनी, हृदय, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

महिनोन्‌महिने राहणारे जांघेचे दुखणे या इंजेक्शनने टळेल अशी खात्री देता येत नाही. ते नसा कशा सांभाळल्या, टाक्यात किंवा जाळीत अडकल्या का, यावर जास्त ठरते.

वॉर्डात आणल्यावर जखमेत कोणते औषध, किती मिलि आणि किती वाजता दिले, ते कागदावर लिहून घ्या. पहिल्या गोळीची वेळ त्यावरूनच ठरवता येईल.