जोत्यावर टेप लावून घ्या: घर, परवानगी आणि झोनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नगरपरिषद हद्दीत आमचा १४०० चौरस फुटांचा प्लॉट आहे, लेआउट मंजूर आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एवढ्या प्लॉटला आता परवानगीच लागत नाही, दसऱ्याला पाया खोदू, आर्किटेक्टवर कशाला पैसे घालवता. खरंय का हे? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: दादा, अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोक अडकतात. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या (साधारण १६०० चौरस फूट) प्लॉटवर घर बांधायला मंजुरीची वाट बघत बसावं लागत नाही, तुमचा प्लॉट १३० चौरस मीटर भरतो म्हणजे तुम्ही त्यात बसता. पण म्हणून काहीच द्यायचं नाही असं नाही हो. मालकीचे कागद, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि फी, हे सगळं भरून पोच घ्यायची, ती पोच हीच तुमची परवानगी. पोच नसेल तर काम अनधिकृत, आणि एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते ती मालकाच्या नावाने. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला १० दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे, तेही लक्षात ठेवा, कुणा नातेवाइकाच्या कामी येईल.

आणि छाननी नाही म्हणजे नियम नाहीत असं समजू नका. मार्जिन म्हणजे हद्दीपासूनची मोकळी जागा सोडायचीच आहे, खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची आणि रुंदीला २.४ मीटर हवीच.

आता एक कळकळीने सांगतो. जोत्यापर्यंत, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंत काम आलं की पुढे जाऊ नका. आर्किटेक्टला बोलवा, नकाशा हातात घेऊन चारही बाजूंना टेप लावायला सांगा, त्याचं सर्टिफिकेट घ्या आणि नगरपरिषदेच्या ऑफिसला कळवा. माझ्याकडे एक काम होतं, मालक बाहेरगावी, हद्दीचा एक दगड मातीत गाडला गेलेला, मिस्त्रीने शेजारच्या कंपाउंड वॉलवरून दोरी धरून फक्की मारली (पांढऱ्या पुडीने पायाच्या रेघा आखल्या) आणि ती वॉलच दोन फूट रस्त्याकडे सरकलेली होती. मुरूम भरून जोता दाबून झाल्यावर पाहणीला टेप लावला तेव्हा समोरचं मार्जिन दोन फूट कमी, सगळे गप्प. पुढचा एक पट्टा तोडून तीन कॉलम मागे घ्यावे लागले. मालकाच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही वाईट वाटलं, पण तेव्हा गेलं ते फक्त जोत्याचं काँक्रीट. हेच दोन स्लॅब पडल्यावर निघालं असतं तर काय तोडणार होतो सांगा. म्हणून दसऱ्याच्या आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा घ्या, लाईनआऊट (पायाची आखणी) त्याच्यावरून करा, दुसऱ्याच्या भिंतीवरून अजिबात नको.

प्रश्न: फ्लॅट घेतोय, बिल्डिंग पूर्ण झालीये, काही लोक राहायलाही आलेत पण ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही. बिल्डर म्हणतो महारेरा नंबर आहे ना मग काळजी कसली, ओसी महिनाभरात येईल. पैसे भरून टाकू का? – एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर: ताई, थांबा. महारेरा नंबर म्हणजे प्रोजेक्टची नोंद झाली, बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय असं त्यातून कळत नाही. तुमच्याच जिल्ह्यात डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा, बनावट परवानग्या लावून महारेरा नंबर घेतले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने इमारती पाडायचे आदेश दिले, आत राहणाऱ्या कुटुंबांनी आयुष्याची कमाई घातलेली होती. शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला जी इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, ती तर परवानगीशिवायच उभी होत होती. ज्यांनी ते बघितलं त्यांना ओसीला नुसता कागद म्हणवत नाही.

१७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मेरठच्या एका प्रकरणात साऱ्या देशासाठी निर्देश दिलेत: काम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा साइटवर लावलेला हवा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून नोंद ठेवायची, ओसी किंवा पूर्णत्वाचा दाखला बघूनच वीज-पाणी जोडायचं आणि बँकांनीही तो तपासूनच इमारत तारण घेऊन कर्ज द्यायचं. म्हणजे ओसी नसेल तर उद्या तुम्हाला विकतानाही त्रास, लोनलाही त्रास, पाण्यालाही त्रास.

तुम्ही एवढं करा, बिल्डरकडून सीसीची (बांधकाम सुरू करायच्या दाखल्याची) कॉपी मागा, त्यावरचा नंबर आणि तारीख घेऊन नगररचना विभागात स्वतः जा आणि हे त्यांच्याच ऑफिसातून निघालंय का विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सीसीत किती मजले लिहिलेत ते खाली उभं राहून मोजा. वरळीच्या कॅम्पा कोलामध्ये परवानगी पाच मजल्यांची होती आणि एक इमारत वीस मजल्यांवर गेली होती, तिथे कुणी सुरुवातीलाच मजले मोजले असते तर? ओसी हातात येईपर्यंत मोठा हप्ता देऊ नका, बिल्डर नाराज झाला तरी चालेल.

प्रश्न: गावाजवळ दोन गुंठे घेतोय. एजंट म्हणतो आज ग्रीन झोन (शेतीसाठी राखलेला भाग) आहे पण एनए (बिगरशेती) होऊन जाईल. – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर: काका, एनए आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेप्रमाणे तिथे नियमांना धरून, पैसे भरून राहण्यासाठी वापर मानला जातो, वेगळी एनए परवानगी मागावी लागत नाही. त्याबाहेर ग्रीन झोन असेल तर एजंटच्या शब्दावर एक रुपया देऊ नका. तिथे दोन गुंठ्यांच्या तुकड्याला तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाईचा) कायदा आडवा येतो तो वेगळाच, आणि गुंठेवारी (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमित करायची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना होती, आज घेतलेल्या प्लॉटला तिचा काही उपयोग नाही.

नगररचना कार्यालयातून गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. नकाशावर तुमच्या गटावरून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) किंवा आरक्षणाची रेघ जातेय का ते तिथल्याच माणसाला बोट ठेवून दाखवायला सांगा. इसार त्याच्यानंतर.