इंग्लंडात घर घेतल्यावर लाइट, गॅस, पाणी आणि बँकेचं कसं करायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टर दोन वर्षं इंग्लंडात आहेत, घर दोघांच्या नावावर घेतलंय, पुढच्या महिन्यात चाव्या मिळणार आणि तुम्ही मुलीला घेऊन खानापूरहून मागनं जाणार, तर लाइट-गॅस-पाणी नावावर कसं होतं, तुमचं बँक खातं कसं निघणार आणि गावाकडच्या खात्याचं काय करायचं, असं विचारलंय. मी बेळगावचा, शहापुरातला, लेस्टरमधे आम्ही सहा वर्षांपूर्वी घर घेतलं. तेव्हा आमच्या दोन गोष्टी चुकल्या त्याच आधी सांगतो, बाकीचं सगळं फोनवर होऊन जातं, या दोन मात्र नंतर निस्तरायला लई जड गेल्या.

पहिली मीटरची. आपल्याकडं घर घेतलं की खरेदीपत्र, उतारा, जुनं बिल घेऊन हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीत जायचं, आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक नंबर) सांगायचा आणि मीटर नावावर करून घ्यायचं. इथं तसं जायला ऑफिसच नाही. चाव्या हातात पडल्या की लाइट आणि गॅस चालूच असतात आणि जुन्या मालकाची जी कंपनी होती तिचे तुम्ही कुठंही सही न करता ग्राहक झालेला असता. अंधारात बसायची वेळ येत नाही हे चांगलं, पण त्या दिवशी मीटरवर आकडा किती होता हे तुम्हीच सांगायचं असतं. आम्ही लाइटच्या मीटरचा फोटो काढला, गॅसचं मीटर बाहेरच्या भिंतीत पेटीत होतं ते बघितलंच नाही आणि चार दिवसांनी आकडा कळवला, तोवर कंपनीनं अंदाजानं आकडा धरून टाकला होता आणि जुन्या मालकानं हिवाळ्यात जाळलेला गॅस आमच्या बिलात आला. फोन, ईमेल, परत फोन, दरवेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट सांगायची. सॉलिसिटरकडून, म्हणजे घरखरेदीच्या वकिलाकडून, ताब्याच्या तारखेचं पत्र आणि जुन्या मालकानं निघताना लिहून ठेवलेला आकडा मिळाला तेव्हा कुठं मिटलं, चार महिने गेले त्यात. (कंपनी ऐकतच नसेल तर आधी लेखी तक्रार करा, तरी मिटलं नाही तर एनर्जी ओम्बड्समन म्हणून तक्रार सोडवणारी संस्था आहे, तिथं पैसे पडत नाहीत, हे मला उशिरा कळलं.)

म्हणून मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा, सामान आत न्यायच्या आधी लाइट, गॅस आणि असेल तर पाण्याचं मीटर, सगळ्यांचे फोटो, मीटरचा सीरियल नंबर दिसला पाहिजे आणि फोनमधे तारीख-वेळ राहिली पाहिजे. गॅसच्या पेटीची तिकोनी किल्ली असते ती एजंटकडनं चाव्या घेतानाच मागून घ्या. गॅसच्या मीटरवर आकड्याशेजारी घनमीटर लिहिलंय का घनफूट तेही फोटोत येऊ द्या, कारण घनमीटरवाल्यात एक आकडा म्हणजे साधारण ११ युनिट आणि जुन्या घनफूटवाल्यात एक आकडा म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, कंपनीनं यात गफलत केली तर बिल जवळजवळ तिप्पट फिरतं. कंपनी कुठली ते जुन्या मालकाला विचारा, नाहीच कळलं तर गॅससाठी फाइंड माय सप्लायर अशी साइट आहे, लाइटसाठी त्या भागाच्या नेटवर्क कंपनीला पोस्टकोड सांगितला की कळतं. तिथं तुम्हाला एमपॅन म्हणून १३ आकडी नंबर मिळेल, तो आपल्या आरआर नंबरासारखाच, लिहून ठेवा.

घरात चावी किंवा कार्ड घालून रिचार्ज करायचं मीटर निघालं तर जुन्या मालकाचं कार्ड अजिबात वापरू नका, त्याची बाकी त्या मीटरवर असू शकते आणि तुमचे पैसे तिकडं कापले जातात. कंपनीला फोन करून मीटर तुमच्या नावावर करून घ्या, नवीन चावी मागा, मगच पैसे घाला.

कंपनी बदलायची घाई पहिल्या आठवड्यात करू नका, आकडा नोंदवून पहिलं बिल बरोबर आलं की मग बदला. न सही करता लागलेल्या करारातून बाहेर पडायला दंड नसतो. दर तीन महिन्यांनी ऑफजेम, म्हणजे लाइट-गॅसवरचं सरकारी नियामक, कमाल दर जाहीर करतं, पण लोक समजतात तशी ती बिलाची मर्यादा नव्हे, ती युनिटच्या दराची आणि रोजच्या स्थिर आकाराची मर्यादा आहे, जास्त जाळलं तर बिल जास्तच येणार.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त टोचते. मी सगळी बिलं माझ्या एकट्याच्या नावावर केली, सोपं पडलं म्हणून. बायको आली, बँकेत गेली, बँक म्हणाली पत्त्याचा पुरावा द्या, पुरावा म्हणजे बिल, आणि बिलावर तिचं नाव कुठंच नाही. घर तिच्याही नावावर, पण रोजच्या कागदावर ती नाहीच. आठ महिने ती माझ्या कार्डावर राहिली, स्वतः कमावती बाई होती ती बेळगावात. तुमचं असं होऊ देऊ नका. लाइट, गॅस, पाणी, प्रत्येक ठिकाणी फोन करतानाच दोन्ही नावं घाला म्हणायचं, ते घालतात, विचारलं नाही तर मात्र एकच घालतात. काउन्सिल टॅक्सला, म्हणजे इथल्या घरपट्टीसारख्या कराला, तर नवराबायको दोघंही जबाबदार असतात त्यामुळं त्या बिलावर तुमचं नाव यायलाच पाहिजे आणि तो कागद बँकेत उत्तम चालतो. तुम्ही पोचेपर्यंत मिस्टर घरात एकटेच मोठे असतील तर तेवढ्या दिवसांची २५ टक्के सूट मिळते, ती मागा, आणि तुम्ही आलात की लगेच काउन्सिलला कळवून नाव घालून घ्या.

आणि नावाचं स्पेलिंग. हे आपल्या सीमाभागातल्यांना जास्त नडतं. माझ्या बायकोच्या नावात शेवटी 'ता' आहे, मराठी शाळेच्या दाखल्यावर टी ए, आणि आधारवर टी एच ए, कारण कन्नडवाल्या पद्धतीनं त साठी टी एच लिहितात. पासपोर्टात परत नावाच्या रकान्यात वडलांचं नाव चिकटलेलं. इथं पैसे पाठवताना बँक खात्यावरचं नाव ताडून बघते आणि जुळलं नाही तर तसं दाखवते, लोक घाबरून पैसे पाठवतच नाहीत. तेव्हा पासपोर्ट आणि ईव्हिसावर जसं आहे अगदी तसंच सगळीकडं द्या, घरात काय हाक मारतात आणि आधारवर काय आहे ते इथं आणू नका.

खात्यासाठी मॉन्झो किंवा स्टार्लिंगसारखी ॲपवाली बँक आधी बघा, इथं राहायला आल्यावर पासपोर्ट आणि व्हिडिओवर खातं उघडतात, बहुतेक वेळा बिल मागत नाहीत, कार्ड घरी येतं. त्याआधी इथला फोन नंबर घ्या. आणि एक गोष्ट लई जणांना माहीत नाही, भारत कॉमनवेल्थमधे असल्यानं व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांना इथं मतदार यादीत नाव घालता येतं. ते नक्की घाला, मत देता येतं हे तर आहेच, शिवाय बँका पत्ता तपासायला तीच यादी बघतात.

बिलं डायरेक्ट डेबिटवर, म्हणजे खात्यातनं आपोआप कापली जातील अशी लावा, चुकीची रक्कम कापली तर बँक परत देते तशी हमी असते. दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते म्हणून उन्हाळ्यात पैसे साठतात आणि हिवाळ्यात वापरले जातात, बाकी दिसली म्हणून घाबरू नका, फक्त आकडा दर महिन्याला कळवत जा.

पाण्याला कंपनी निवडता येत नाही, भागाची एकच असते, काही ठिकाणी सांडपाण्याची दुसरी. मीटर नसलेल्या घरात जुन्या मूल्यांकनावर ठरलेली रक्कम येते, माणसं कमी असतील तर मीटर बसवून घ्या, इंग्लंडात फुकट बसवतात. पाण्याची मुख्य चावी (व्हॉल्व्ह) बहुतेक किचनच्या सिंकखाली असते, पहिल्याच दिवशी ती बंद होते का बघा. आमची जाम झाली होती, रस्त्यावरची दुसरी चावी शेजारच्या आजींनी दाखवली, नंतर आईनं बेळगावहून पाठवलेला कुंदा त्यांना नेऊन दिला. मिस्टर लगेच राहायला जाणार नसतील आणि थंडीचे दिवस असतील तर हीटिंग थोडं चालू ठेवायला सांगा, पाइप गोठून फुटतात, आणि रिकाम्या घराला विमा किती दिवस चालतो ते पॉलिसीत बघा. टीव्हीचं लायसन्स लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसीचं ॲप बघत असाल तरच लागतं, नसाल तर तसं ऑनलाइन कळवून टाका.

गावाकडचं. मिस्टरांचं बेळगाव-खानापुरातलं साधं सेव्हिंग खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं भारतातल्या पैशाचं खातं, करून घ्यायला पाहिजे, तुम्ही निघालात की तुमचंही. इथनं घरी पाठवलेले पैसे परत नेता यायला हवे असतील तर एनआरई, म्हणजे परदेशातनं पाठवलेल्या पैशाचं खातं, वेगळं काढा. सासरे किंवा वडील घराच्या कामाला पैसे देणार असतील तर ते बँकेतूनच, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापतात, तो इन्कम टॅक्स रिटर्नमधे वळता होतो. तिकडं रोख द्या इकडं पौंड देतो असं सांगणारे भेटतात, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका. जमीन विकून पैसे येणार असतील तर इथं कधीही पैसा कुठला विचारतात आणि आपले कागद कन्नडात, कुणाकुणाचे १९५६ च्या आधीचे मराठीत, तेव्हा इंग्रजी प्रमाणित भाषांतर निघायच्या आधी बेळगावातच करून घ्या, इथं ते महाग आणि वेळखाऊ पडतं.

बँकेत जो भारतातला नंबर दिलाय त्याचा रिचार्ज संपू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. आणि मिक्सर खुशाल आणा, व्होल्टेज इथंही २३० आहे, फक्त पिन वेगळी, अडॅप्टर घेतला की चालतो.