'किड्यांची भीती' नव्हे, कृमिभ्रम. आणि थोडं 'हुळहुळ'विषयी

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: आत्याला अंगात किडे फिरतात असं वाटतं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डिल्युजनल पॅरासिटोसिस' लिहिलंय; याला मराठीत 'किड्यांची भीती' म्हणायचं का?

मुळीच नाही. हल्ली बेळगावपासून निपाणीपर्यंत ऊठसूट 'फोबिया' चालतो, त्यातलाच हा प्रकार. पालीला घाबरणाऱ्याला आपण उगाच घाबरतो हे बहुधा कळत असतं. इथे तशी शंकाच नसते. "कातडीखाली किडं फिरालेत" म्हणणारा रुग्ण काड्यापेटीत पुरावा घेऊन येतो: खपल्या, सुताचे तुकडे, धूळ. हा भ्रम. 'भास' नव्हे, भास इंद्रियांना होतो, भ्रम समजुतीत असतो. घोळ जुनाच आहे. 1894 मध्ये थिबिएर्ज या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने याला 'अॅकॅरोफोबी', म्हणजे बारीक किड्यांची भीती, म्हटलं आणि भीती चिकटली. 1938 मध्ये स्वीडनच्या एकबोम या मज्जाविकारतज्ज्ञाने भ्रम म्हणून नीट मांडणी केली. 'कृमिभ्रम' म्हणा.

आता 'हुळहुळणे'. भाजलेली जागा हुळहुळते, तो शब्द. कोशवाले त्याला अनुकरणवाचक म्हणून मोकळे होतात. कसलं अनुकरण? खळखळ ऐकू येते, हुळहुळ कुणी ऐकली? 'लुकलुक'लाही आवाज नसतो, असा दाखला देणाऱ्यांनी एकदा चिकोडीच्या बाजारात उभं राहावं. कन्नडमध्ये किड्याला 'हुळ' म्हणतात! डोक्यात किडा सोडायचा तर 'तलेगे हुळ' सोडतात. आपल्या डोक्यातही किडाच वळवळतो. कातडीवर हुळ, आणखी एक हुळ, म्हणजे हुळहुळ. माझं मत पक्कं आहे: शब्द सीमेवरचा आहे आणि त्यात किडा आहे. पुण्यात बसून हे दिसत नाही, कारण तिथे 'हुळ' कानावरच पडत नाही. लॅटिनमध्येही मुंगी 'फॉर्मिका' आणि अंगाला मुंग्या येणं 'फॉर्मिकेशन'. त्यांना मुंगी चालते, आम्हाला हुळ का चालू नये?

बरं, आत्याबाई. किडे नसतात, पण खाज खरी असते. त्यावर वाद घालू नका. बी-12ची कमतरता, मधुमेह, थायरॉईड, सुटू पाहणारी दारू, कोकेन यांनीही असं होतं, म्हणून आधी रक्त तपासतात. तसं काही नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ; रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी अनेकांना उतार पडतो. आणि त्या नेमकं काय म्हणतात, मुंग्या, वळवळ की हुळहुळ, तेवढं जरूर कळवा.