‘ट्रिप्टिक’ला चित्रत्रयी म्हणावं का?

प्रश्न: डच चित्रकार बॉशच्या ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’वर लिहिताना ‘ट्रिप्टिक’साठी ‘चित्रत्रयी’ चालेल का? आणि त्यातल्या विचित्र जिवांना ‘राक्षस’ म्हणावं का?

‘चित्रत्रयी’ नको. नाट्यत्रयीतली तीन नाटकं स्वतंत्र असतात, वेगवेगळ्या दिवशी पाहता येतात. ट्रिप्टिक म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन चित्रफळ्यांची एकच वस्तू, आणि ती मिटते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं हे चित्र ओकच्या फळ्यांवर तैलरंगात काढलंय. मधली फळी सुमारे १७२ सेंमी रुंद, कडेच्या दोन्ही सुमारे ७६ सेंमी. म्हणजे चौकटी धरून त्या मधलीच्या निम्म्या; देव्हाऱ्याच्या दारांसारख्या तिच्यावर मिटतात. मिटल्यावर त्यांच्या पाठींवर एक वेगळंच चित्र जुळून येतं: करड्या छटांत, काचेच्या गोलात तरंगणारी, निर्मितीच्या तिसऱ्या दिवसाची पृथ्वी. रंगवलेले पृष्ठभाग मोजले तर पाच भरतात. ‘त्रयी’त हे बाहेरचं चित्र हरवतं, आणि उघडताच आत रंगांचा जो भडका उडतो तोही.

ग्रीक मुळात ‘घडी, पदर’ असा अर्थ आहे, पण ‘तिपदरी’ म्हटलं की आपल्याला रस्ता किंवा हार आठवतो. ‘त्रिदल’ म्हणजे बेलाचं पान. ‘त्रिफलक’ चुकीचं नाही, पण त्यात बिजागरी ऐकू येत नाही. डच लोक ‘द्रीलाउक’ म्हणतात. ‘लाउक’ म्हणजे खिडकीची झडप. त्याच वळणावर, तिमजली-तिकोनी यांच्या चालीनं, ‘तिझडपी चित्र’ मला सर्वांत चपखल वाटतं. मधली फळी हलत नाही, मग झडपा दोनच ना? खरं आहे, पण डच शब्दही तिन्ही मोजतो. लेखात पहिल्यांदा ‘ट्रिप्टिक, म्हणजे तिझडपी चित्र’ असं लिहावं. ‘डावी झडप’ म्हणजे पाहणाऱ्याची डावी. इथे तिच्यावर एदेन बाग आहे, उजवीवर नरक.

‘राक्षस’ही टाळा, त्यामागून रावण-घटोत्कच येतात. मराठी बायबलातली ‘भुतं’ जवळची आहेत, पण सगळ्यांना तेही लागू नाही. उजव्या झडपेवरचा तो फिकट जीव पाहा: धड फुटक्या अंड्याचं, पाय झाडाच्या खोडांचे, ते दोन होड्यांत रोवलेले, पोटात गुत्ता, डोक्यावरच्या तबकडीत गुलाबी बॅगपाइप, आणि चेहरा माणसाचा, मागे वळून पाहणारा. त्याला सरळ ‘झाडमाणूस’ म्हणावं. बाकीच्यांना ‘संकरजीव’.