‘तेहतीस भरू का?’ : टायरच्या हवेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पेट्रोल पंपावर ‘तेहतीस भरू का?’ विचारतात, मी मान डोलावतो. हे तेहतीस म्हणजे नेमकं काय?

तेहतीस पीएसआय. टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर हवा ३३ पौंडांच्या, म्हणजे जवळपास १५ किलोंच्या वजनाइतका जोर लावते. आता गाडीचं वजन १२०० किलो धरा. एका चाकावर ३०० किलो, म्हणजे सुमारे ६६० पौंड आले. त्याला ३३ नं भागा : २० चौरस इंच. ढोबळमानानं टायरचा तेवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो, साधारण तळहाताएवढा. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबता तेव्हा सगळी भिस्त अशा चार तुकड्यांवर.

हवा २२ वर आली की हाच भाग ३० चौरस इंचांच्या आसपास जातो. मग पकड वाढली, बरंच झालं की, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतात, पुन्हा ताठ होतात आणि तापत जातात. कमी हवेचा टायर महामार्गावर फुटतो तो या उष्णतेपायी.

प्रश्न : नव्या मशीनवर आकडा २.३ आला. मुलगा म्हणतो, बरोबर आहे. फसवलं तर नाही ना?

नाही. ते मशीन बारमध्ये मोजतंय. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा २.३ म्हणजे तुमचे तेहतीसच. काही स्टिकरवर २३० दिसेल, ते किलोपास्कल. आणि प्लंबर ‘दोन किलो प्रेशर’ म्हणतो तेव्हा त्याचा किलो चौरस सेंटिमीटरवरचा असतो. तो एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, बारच्या अगदी जवळ.

प्रश्न : पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवतो. आत हवा उरतच नाही का?

उरते की! बाहेर जेवढा दाब, तेवढाच आत. समुद्रसपाटीला हा दाब १४.७ पीएसआय असतो. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त आहे ते सांगतो. म्हणूनच मुंबईत ३३ भरून महाबळेश्वरला गेलात तर तिथे बाहेरचा दाब साडेबाराच्या आसपास. तापमान तेच राहिलं तर गेज दोनेक पीएसआय जास्त दाखवेल. प्रत्यक्षात वर गारवा असतो आणि तो यातला बराच फरक खाऊन टाकतो.

प्रश्न : सकाळी ३३ होती, एक्स्प्रेस-वेवरून उतरल्यावर ३७. चार काढून टाकू?

मुळीच नको. कारच्या टायरमध्ये तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की एक पीएसआय वाढतो. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतरचा. गरम टायरमधून हवा काढलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी २९ सापडेल. कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत गेल्यानं काही बिघडत नाही, फार तर एखाद्या पीएसआयचा फरक.

प्रश्न : टायरवरच ‘५१ पीएसआय’ छापलंय. मग ३३ का भरायचे?

५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा. एकच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन कुठून ठाऊक? ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावरचं स्टिकर वाचा. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे आणखी वेगळे. गणपतीला पाच जण आणि सामान घेऊन कोकणात निघालात तर तोच शेवटचा आकडा भरून घ्या.