वन बीएचकेमध्ये व्हॉइस ओव्हरसाठी घरी रेकॉर्डिंगची जागा कशी करावी? २५ हजारात होईल का? कंडेन्सर माइक, फोमचे चौकोन आणि रिंग लाइट घ्यायचं ठरवलंय.

होईल, आणि बहुतेक पंचवीस लागणारही नाहीत. पण तुम्ही प्रश्नात यादी दिलीये ना, कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), फोमचे चौकोन, रिंग लाइट (आवाज द्यायचाय ना, रिंग लाइट कशाला?), ती जरा बाजूला ठेवा.

मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, वन बीएचकेच, आणि सहा वर्षं घरूनच आवाज देतेय, जास्त करून ट्रेनिंगचे व्हिडिओ, आयव्हीआर (फोनवर "मराठीसाठी एक दाबा" सांगणारा आवाज), मधूनच एखादं ऑडिओबुक. सुरुवातीला मी पण हेच केलं होतं, एक इंची फोम आणून बेडरूमच्या भिंतीला चिकटवला, रंगाची वाट लावून घेतली, आणि पहिलीच फाइल परत आली, "मॅडम आवाज छान आहे पण खोली ऐकू येतेय, आणि मागे कबुतर आहे."

हे दोन वेगळे आजार आहेत आणि सगळे एकाच औषधाने बरे करायला जातात. खोली ऐकू येणं म्हणजे तुमचाच आवाज भिंतीवर, लादीवर आपटून परत माइकमध्ये येणं, त्याला जाड आणि मऊ काहीतरी लागतं. कबुतर म्हणजे बाहेरचं आत येणं, त्याला लागतं वजन, म्हणजे वीट, काँक्रीट, जाड काच आणि एकही फट नसणं. फोमला वजनच नाही, तो कबुतराला काय अडवणार. अंड्यांच्या ट्रेचं तर नावच काढू नका, ते दोन्हीला निरुपयोगी.

बरं पहिल्या आजारावर तरी पातळ फोम चालतो का, तर अर्धवट. ५०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साधारण ६९ सेंटीमीटर लांब असते, तिच्यापुढे एक इंच म्हणजे काहीच नाही, त्यामुळे फोम वरचा स, श, च तेवढा खातो आणि खालचा घुमारा तसाच राहतो, ऐकताना वाटतं माणूस मडक्यात तोंड घालून बोलतोय.

मी शेवटी काय केलं तर गोधड्या. आजीच्या हातच्या दोन होत्या, जुन्या सुती साड्यांचे थर असलेल्या, जड, आणि दोन रजया. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइप आणि कोपऱ्याचे जोड आणले, चार बाय चारची साडेसहा फूट उंच चौकट केली, जोड चिकटवले नाहीत म्हणजे पाहुणे आले की पाच मिनिटांत सगळं सोडवून माळ्यावर. गोधडी भिंतीला टेकवायची नाही, मध्ये चारेक इंच हवा ठेवायची, त्याने ती जास्त खालच्या सुरापर्यंत काम करते. आणि डोक्यावर पण एक टाका, हे सगळे विसरतात, खाली लादी वर स्लॅब, आवाज दोघांत चेंडूसारखा खेळतो. खाली सतरंजी दुहेरी करून.

सगळ्यात जाड गोधडी मात्र तुमच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक, आपल्या कामाचे बहुतेक तसेच असतात, समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर कोण, तर तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत. लोक माइकच्या मागे ती अर्धगोल ढाल लावतात आणि आपली पाठ उघडी ठेवतात.

कपाटात बसून रेकॉर्ड करा असं खूप जण सांगतात. कपडे खच्चून भरलेलं असेल तर ठीक, पण अर्धं रिकामं तीन फुटी कपाट स्वतःच १९० हर्ट्झच्या आसपास घुमतं आणि बायकांचा बोलायचा सूर साधारण तिथंच असतो. त्यापेक्षा दार उघडून कपड्यांकडे तोंड करून उभे राहा, मध्ये माइक, पाठीमागे गोधडी.

आता कबुतर. भाड्याच्या किंवा सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हा आजार पूर्ण बरा होत नाही, त्याची वेळ सांभाळायची. आठवडाभर वहीत लिहून ठेवा कधी काय वाजतं. माझ्याकडे सकाळी कुकर, मग भंगारवाला, पाण्याची मोटर, संध्याकाळी खाली पोरं. उरतं काय तर दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेअकरानंतर, मी सगळं काम त्यातच बसवते. पंखा बंद, मे महिन्यात त्या गोधड्यांच्या आत जीव जातो, वीस मिनिटांनी बाहेर यायचं. फ्रिज बंद केलात तर घराच्या किल्ल्या फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे चालू करायचं विसरणार नाही, माझा दोन लिटर आमरस गेलाय, सासूबाई अजून काढतात.

हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, बऱ्याचदा तिथंच थांबते.

माइक म्हणाल तर अशा घरात मी डायनॅमिकच (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) सांगेन, शुअर एसएम५८ आणि साधा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, फोकसराइटचा सोलो पुरतो. डायनॅमिकला बाहेरचं ऐकूच येत नाही असं नाही हं, तो तोंडाजवळ घ्यावा लागतो म्हणून तुमचा आवाज बाकीच्यापेक्षा मोठा पडतो एवढंच. वीतभरापेक्षा कमी अंतर, आणि तोंडाच्या थेट समोर नको, थोडा तिरका. आपल्याकडे भ आणि फ ला हवेचा फटका जोरात बसतो, "बाबांनी भोपळ्याच्या फोडी पातेल्यात भरल्या" तोंडासमोर तळवा धरून म्हणून बघा, तळव्यावर हवा लागते त्या जागी माइक ठेवायचा नाही. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे, पुरे.

मग गप्प बसून तीस सेकंद रेकॉर्ड करा. ऑडिओबुकसाठी एसीएक्सची (ऑडिबलला ऑडिओबुक पुरवणारी साइट) अट आहे, शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली (रेकॉर्डिंगमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज), आवाजाची सरासरी उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ च्या वर नको. तेवढं जमलं तर बाकीच्या कामांना अडचण येत नाही. नाही जमलं तर नॉइज रिडक्शन (सॉफ्टवेअरने मागचा आवाज पुसणं) मारून जमवू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि समोरच्याला लगेच कळतं.

आणि एक, जागा ठरली की खुणा करा. आठ दिवसांनी तीन ओळींचं करेक्शन येतं आणि ते जुन्या फाइलला जुळावं लागतं. माझ्या स्टँडवर उंचीला टिकली लावलीये आणि लादीवर पायांच्या जागी टेपचे दोन तुकडे होते, एकदा लादी पुसताना मावशींनी कचरा समजून काढून टाकले, त्या तीन ओळींसाठी अख्खं पान परत वाचलं मी.