पदकाची कड आधी वाचा

गणपतीला चाकरमानी गावी आले, माळे झाडून झाले, की माझ्याकडे पदकांचे फोटो येऊ लागतात. सोबत प्रश्न एकच, ‘हे शौर्यपदक आहे ना?’ यंदा आलेल्या काही पत्रांना इथे उत्तरे देतो.

पणजोबांची पहिल्या महायुद्धातली तीन पदके घरात आहेत, एक ताऱ्याच्या आकाराचे आणि दोन गोल. गावात सगळे त्यांना वीरपदके म्हणतात. ते बरोबर का? (माणगाव)

वर्णनावरून ती १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल असावीत. ही युद्धसेवेची पदके. त्या आघाड्यांवर गेलेल्या हजारो शिपायांना ती मिळाली. शौर्यासाठी हिंदी शिपायाला तेव्हा इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळे आणि १९११ पासून ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, हेही खुले झाले होते. म्हणून पणजोबा काही लहान होत नाहीत. १९१५-१६ मध्ये मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात जवळपास पाच महिने अडकल्या होत्या. भिंग घ्या आणि गोल पदकांची कड वाचा, ताऱ्याची मागची बाजू वाचा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण मराठ्यांची निघाली तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरशी पत्रव्यवहार करा.

परमवीर चक्र सोन्याचे असते का? (मालवण)

नाही, कांस्याचे असते. मोबाइलवर फिरणारा मजकूर पुढे पाठवू नका.

वडिलांना वीर चक्र होते. गावच्या कमानीवर ‘परमवीर’ लिहायचे ठरते आहे. चालेल का? (गुहागर)

चालणार नाही. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन वेगळी पदके आहेत. कमानीवर चुकीचे नाव चढले तर उद्या कोणीतरी ते खोडून काढेल आणि खऱ्या वीर चक्रावरही शंका घेईल. कोकणात हा घोटाळा नेहमीचा आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांनाही लोक परमवीर म्हणतात. त्यांना मरणोत्तर मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, तरी ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. परमवीर मिळाले ते कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांना. बॉम्बे सॅपर्सच्या (लष्कराच्या अभियंता दलाच्या) या अधिकाऱ्याने एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी अवस्थेत दूर केले, आणि ते पदक त्यांनी जिवंतपणी स्वीकारले. तुमच्या वडिलांचे सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिले ते सांगणारा अधिकृत मजकूर, मिळवा आणि कमानीवर तेच शब्द घाला. मजकूर रंगाऱ्याकडे देण्याआधी सैनिक कल्याण कार्यालयाला दाखवा.

भावाच्या सेना मेडलवर भत्ता मिळतो का? (खेड)

शौर्यासाठी असेल तर मिळतो, विशिष्ट सेवेसाठी असेल तर नाही. पदक जाहीर झाल्याची सरकारी अधिसूचना काढून पाहा.

एक गृहस्थ घरोघर फिरून जुनी मेडल्स चांदीच्या भावाने घेतात. आमच्याकडचे काळे पडले आहे. सोनाराकडून उजळून घेऊन विकावे का? (देवगड)

उजळू नका आणि विकूही नका.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते, म्हणून समुद्राच्या दमट हवेत ते काळवंडते. तो काळेपणा पदकाला खात नाही. खातो तो सोनाराचा बफ (पॉलिशचे चाक) आणि घरातली राख-चिंच. मी अशी पदके हातात घेतली आहेत, पुढचा चेहरा आरशासारखा चकचकीत आणि कडेवरचे नाव बोटाला जेमतेम लागणारे. नाव गेले की मागे राहतो तो नुसता चांदीचा तुकडा. त्या गृहस्थांना हे पक्के ठाऊक असते. ते चांदी तोलून घेतात आणि पुढे नावावर विकतात. नाव, नंबर, पलटण जुळली की भाव कितीतरी पटींनी चढतो आणि तुमच्या हातात किलोच्या हिशेबाचे पैसे उरतात. एका घरातली तीन पदके तीन गिऱ्हाइकांकडे गेली, तर ती पुन्हा एकत्र येत नाहीत. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या धातूच्या वस्तू पुरावशेष कायद्यात (१९७२) येतात. त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. विकणाऱ्याने हा विचार आधी करावा. घरात सांभाळणारे कोणी नसेल तर रेजिमेंटल सेंटरला देण्याबद्दल विचारा आणि पोच लेखी घ्या.

तोवर पदक मऊ सुती कापडात ठेवा. रबरबँड लावू नका, त्याने चांदी अधिक काळी पडते. रिबन धुऊ नका, रंग उतरतो. पावसाळ्यात बुरशी दिसली तर सावलीत वारा द्या आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

मुलाला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. सुनेने दुसरे लग्न केले तर तिचा पदकाचा भत्ता बंद होईल असे नातेवाईक म्हणतात. (चिपळूण)

नातेवाईक जुना नियम सांगत आहेत. पूर्वी दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तरच भत्ता चालू राही. २०१७ मध्ये ती अट काढली. सुनेला धीर द्या. कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम मात्र वेगळे आहेत, त्यासाठी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

२०२१ च्या पुरात वडिलांचे पदक वाहून गेले. कारागिराकडून नाव कोरून तसेच नवे बनवून घेऊ का? (चिपळूण)

नको, उद्या ते खोटे म्हणून पुढे येईल. पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि तिची प्रत जोडून वडिलांच्या पलटणीची कागदपत्रे सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. डिस्चार्ज बुकही (सेवेतून सुटताना मिळालेले पुस्तक) गेले असेल तर सैनिकी नंबर आईच्या पेन्शनच्या कागदावर मिळेल. पुराला बरीच वर्षे झाली आहेत, आणखी थांबू नका. आईला सोबत घेऊन याच आठवड्यात सैनिक कल्याण कार्यालय गाठा.